मावशीच्या घराची मापं

बाई,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर एक ओळ लिहिली नाही. बाकी सगळ्यांवर लिहिलं. आमदारांवर लिहिलं, त्यांच्या मेहुण्यांवर लिहिलं, पालिकेच्या न येणाऱ्या टँकरवर तर इतकं लिहिलं की आता तो टँकर आला तर माझीच पंचाईत होईल. रविवारी सकाळी आपल्या जिल्ह्यात लोक माझं सदर वाचून एकमेकांना फोन करतात, कसा सोलला बघा म्हणून. आठवड्याचे सहा दिवस मी लहान मुलांची बोटं सरळ करते आणि सातव्या दिवशी मोठ्यांची पिरगाळते, हे वाक्य मी दोन-तीन सत्कारांत वापरलेलं आहे आणि त्याला टाळ्याही मिळालेल्या आहेत. तुम्ही समोर असतात तर चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं आणि म्हणाला असतात, "झालं का? आता त्या पोराचे बूट काढ."

बीडला जुन्या बसस्टँडच्या मागं तुमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. मुंबईच्या दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून तुम्ही तिथं येऊन बसला होतात, आणि ऑक्युपेशनल थेरपी हे शब्द कुणाच्याच तोंडात बसत नव्हते म्हणून लोक तुम्हाला खेळाच्या बाई म्हणायचे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरायचं. परातीत मटकी, दोरीवर कपड्यांचे चिमटे, सायकलच्या मुठीचं रबर चढवून जाड केलेले चमचे, आणि भिंतीला वेगवेगळ्या कड्या, बोल्ट, नळ, विजेची बटणं ठोकलेली एक फळी. मी नागपूरची डिग्री आणि पाठ केलेली तीन पुस्तकं घेऊन सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आले, तेव्हा मला वाटलं की आपण चुकून भंगारच्या दुकानात शिरलो. पहिल्याच दिवशी दुपारी तुम्ही माझ्या उजव्या हातावर लोकरीचा मोजा चढवला, वरून दोरीनं मूठ आवळली आणि पुढ्यात भाकरी-पिठलं ठेवलं. अर्ध्या तासात माझी चतकोर भाकरी झाली होती आणि उरलेलं पिठलं ओढणीला लागलं होतं. तुम्ही कोपऱ्यात बसून तुमची भाकरी सावकाश खाल्लीत, मग वही पुढं सरकवलीत. "काय काय अवघड गेलं ते लिही. पुस्तकातलं नको." जे पोराला करायला लावायचं ते आधी आपण करून बघायचं, हा तुमच्याकडचा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण माझी एक ओढणी त्यात कायमची गेली.

ती मुलगी सहा वर्षांची होती. शिरूर कासारच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, त्यामुळं अंग लाकडासारखं ताठ, डोकं मात्र लख्ख. कुणी शिंकलं तरी हसायची. तिची आई दर मंगळवारी तिला काखेला मारून दोन गाड्या बदलत यायची. मी फॉर्म भरायला बसले आणि ऐटीत विचारलं की तुमची अपेक्षा काय. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू हे विचारायला एवढं शिकावं लागतं. म्हणाली, "ताई, चालली न्हाई तरी चालंल. हातानं खाल्लं पायजे तिनं. दसरा झाला की आमी ऊसतोडीला जातो, दिवसभर फडात आसतो. हिला कोपीत ठिवून जावं लागतं. मी येस्तोवर तोंडात काय जात न्हाई हिच्या." कोपी म्हणजे कारखान्याजवळ बांबू आणि उसाच्या पाचटाचं केलेलं खोपट, तिथं ती सहा महिने उताणी पडून राहायची, उशाला भाकरी असूनही उपाशी. म्हणजे एवढंच ठरवायचं होतं: ही पोरगी बसती व्हावी आणि घास तिच्या हातानं तिच्या तोंडात जावा. मी दुसऱ्याच दिवशी पुस्तकात दाखवलेला वाकडा चमचा करून आणला. तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात. "छान झालाय. हिच्या घरात चमचा कालवणात असतो, तोंडात नाही. भाकरीचा तुकडा शिकव."

मी भाकरीचा तुकडा शिकवला. हे मी आता बढाई म्हणून सांगत नाही, कारण बढाईचा भाग इथंच संपतो. पाठीला तुमचा गुडघा, कोपराला माझा हात, आणि तिच्या उजव्या मुठीत तुकडा. भादव्यापर्यंत दहातले तीन घास तोंडापर्यंत पोचायला लागले, उरलेले सात कानाला, गालाला, माझ्या मांडीला. आई पदराआड तोंड लपवून हसायची. आता पाठीला तुमच्या गुडघ्याऐवजी काहीतरी पाहिजे होतं, घरी राहील असं. तुम्ही म्हणालात, घर बघून ये. कुठं बसतात, कुठं जेवतात, उंबरा केवढा, जमीन कसली, सगळं माप घेऊन ये, मग सुताराला सांगू. फॉर्म दिलात, टेप दिलीत.

बाई, मी शिरूरला उतरले. तिथून वस्ती सहा-सात किलोमीटर, जीप भरल्याशिवाय सुटत नव्हती. उन्हाचं कारण मी नंतर पुष्कळ दिवस वापरलं, पण भादव्यातलं ऊन आपल्याकडं कुणाला नवीन आहे? मी दिंद्रुडच्या दुकानदाराची मुलगी, उन्हात वाढलेली. खरं असं की मला त्या घरात जायचं नव्हतं. तिथं गेल्यावर ती बाई शेजारून साखर आणणार, कपबशी आणणार, पोरीला कौतुकानं माझ्या मांडीवर देणार, आणि मला चेहरा नीट ठेवावा लागणार. आणि शिरूरला माझी मावशी राहत होती. बाजारपेठेत काकांचं किराणा दुकान, वर घर. मी नुसतं पाणी प्यायला वर गेले. मावशीनं दही-धपाटे केले, पंखा लावला, कपाळाला विभूती लावून काका वर आले आणि नवीन घेतलेलं डायनिंग टेबल दाखवून म्हणाले, "टेक की बे, सनमायका हाय, वर बसलीस तरी मोडत न्हाई." काका मुलींनाही बे म्हणायचे. तीन वाजले. मग मी टेप काढली आणि मावशीचं घर मोजलं.

यातली गंमत बघा. मला खोटे आकडे लिहायचे नव्हते. मी प्रामाणिक मुलगी होते ना. दाराची रुंदी मोजली, पायरी मोजली, टेबलाची उंची मोजली, शहाबादी फरशी गुळगुळीत आहे अशी नोंद केली. मावशी टेपचं दुसरं टोक धरून उभी होती आणि विचारत होती, "हे कावून मोजतीस गं? घर विकायचंय का आमचं?" मी म्हटलं, अभ्यास आहे. अर्ध्या-पाव इंचासकट सगळी मापं खरी होती. घर तेवढं दुसऱ्याचं होतं. नंतर लेखक म्हणून लोकांनी माझ्या तपशिलांचं कौतुक केलं तेव्हा मला दर वेळी तो फॉर्म आठवला. माझं पहिलं कल्पित लेखन तेच, आणि त्याचे वाचक तुम्ही.

तुम्ही फॉर्म वाचलात, टेबलाशी थोड्या थांबलात, मला विचारलंत, "टेबल आहे त्यांच्याकडं?" मी म्हटलं, कुणीतरी दिलंय म्हणे. तुम्ही मान हलवलीत. विश्वास ठेवलात, बाई. त्याप्रमाणं सुतारानं खुर्ची केली. उंच, टेबलाला लागेल अशी, पाठीला आणि मांड्यांना पट्टे, खाली फरशीवर फिरवायला चार चाकं. देखणी झाली होती. तिचा बाप न्यायला आला, त्यानं ती जीपच्या टपावर दोरीनं बांधली आणि स्वतः वर तिला धरून बसला. जाताना तुमच्या आणि माझ्याही पाया पडला. मी पाय मागं घेतले, पण पुरेसे नाही.

खंडेनवमीच्या दिवशी तुम्ही न सांगता तिकडं गेलात. परत आलात ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मी मटकीची परात पुसत असताना दारातच उभं राहून विचारलंत, "मापं चांगली घेतलीस. पाव इंचाची चूक नाही. कुणाच्या घरची?"

मी परात पुसत राहिले. तुम्ही आवाज न चढवता सांगत गेलात. एक खोली, मातीची जमीन, हातभर उंबरा. चाकं जमिनीत रुतलेली. घरातले सगळे खाली गोल करून जेवतात आणि पोरीला खुर्चीत बसवलं तर ती सगळ्यांच्या डोक्यावर, एकटी. आईनं उभं राहून भरवायचं आणि घास पडला तर तो चार फूट खाली. दोन दिवस त्यांनी करून बघितलं. पोरगी वरून खाली बघून रडायला लागली. पण दवाखान्यातून आलेली वस्तू, बाईंनी दिलेली. तर खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडून पूजा केली त्या रांगेत दोन कोयते, एक विळा आणि शेवटी ती खुर्ची. हळदीकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली, पट्टे नवेकोरे. आणि पोरगी शेजारी वाकळेवर उताणी. हे सांगताना तुम्ही हसला नाहीत. मी हसले. भीतीनं हसले, पण हसले.

मग तुम्ही तसल्याच मापाच्या एका स्टुलावर मला बसवलंत, पायाखाली काही न देता, आणि आपल्याकडच्या सगळ्या आयांना खाली सतरंजीवर पंगत मांडायला सांगितलीत. मी वर, ताट मांडीवर, पाय लोंबकळत. त्या बिचाऱ्या अवघडून वर बघत होत्या. एक म्हणाली, "ताईंना खाली घ्या की, घास उतरंना आमाला." तुम्ही म्हणालात, "जेवा तुम्ही. तिचं माप चाललंय." मी रडले. माझ्या रडण्याचं कुणाला विशेष वाटलं नाही, तिथं रोज चार मुलं रडत होती. संध्याकाळी मी विचारलं, आता काय करायचं? उद्याच जाऊन खालची बैठक करून देऊ का? तुम्ही म्हणालात, "टोळी आज गेली. मुकादमाचा ट्रक लवकर आला." आणि मग, "राहू दे." बाई, त्या 'राहू दे'नं मला हलकं वाटलं. एवढ्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज त्या हलकं वाटण्याची वाटते. वर्ष संपताना माझे सहा महिने भरले. तुम्ही माझ्या दाखल्यावर सही केलीत, खाली 'समाधानकारक' लिहिलंत, आणि मी निघाले. त्या मुलीचं पुढं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

आता लेखाचं. तो तुम्ही वाचला होतात, त्यामुळं सगळा सांगत नाही. सदर सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि एका आठवड्यात काही सुचेना, तेव्हा मी 'गृहभेट' लिहिलं. त्यात माझ्याबरोबर इंटर्नशिप करणारी एक शहरी मुलगी होती, गोरी, इंग्रजी बोलणारी, उन्हानं लाल होणारी. ती पेशंटच्या घरी जायचं सोडून मावशीचं घर मोजून येते. मी मात्र त्यात शहाणी, डोक्याला हात लावून बघणारी. शेवटी त्या खुर्चीवर कोंबडी अंडी घालते. लोक लोटपोट हसले. दोन दिवाळी अंकांनी तो परत छापला. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी त्याचं नाटुकलं केलं आणि कोंबडी झालेल्या मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मी प्रमुख पाहुणी होते.

तुम्ही अंबाजोगाईला भावाकडं अंथरुणाला खिळला होतात तेव्हा मी भेटायला आले होते. हात इतके बारीक झाले होते की ज्या हातांनी तुम्ही माझी मूठ आवळली होती ते हेच, हे मला स्वतःला पटवावं लागलं. तुमच्या उशाशी तो अंक होता. तुम्ही म्हणालात, "लिहिलंस छान. हसायला आलं." मी लाजल्यासारखं केलं. मग तुम्ही थोडा श्वास घेतलात आणि विचारलंत, "ती दुसरी मुलगी कोण गं? त्या वर्षी तर तू एकटीच होतीस माझ्याकडं."

मी म्हटलं, "अहो बाई, लेखकाला तेवढी सूट असते." आणि मोठ्यानं हसले. तुमची वहिनी चहा घेऊन आली, तीही हसली. तुम्ही पाणी मागितलंत. मी पेला धरला, तुम्ही दोन घोट घेतलेत, आणि बोलणं भावाच्या मुलाच्या लग्नावर गेलं. महिन्याभरात तुम्ही गेलात. श्रद्धांजलीच्या सभेत मी बोलले. चांगलं बोलले, असं सगळे म्हणाले.

गेल्या गुरुवारी ती आई आमच्या सरकारी दवाखान्यात आली होती. मुलीच्या अपंगत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण, त्यासाठी आमच्या विभागाची तपासणी लागते. मी मान खाली घालून लिहीत होते. समोरून आवाज आला, "तुमी त्याच ताई न्हवं? खेळाच्या बाईंकडल्या? लिवताना मान अशीच वाकडी करीत व्हता." वर बघितलं तर पांढऱ्या केसांची एक बाई आणि शेजारी चाकाच्या खुर्चीत अठ्ठावीस वर्षांची तिची लेक. मी ओळखलं ते लेकीला, कारण बाहेर कुणीतरी शिंकलं आणि ती हसली.

उजवा हात मनगटातून आत वळलेला, मूठ मिटलेली, आता कशानंही न उघडणारी. मी तो हातात घेतला. आईच बोलायला लागली. "त्या सालचा हाय तो. कोपीत पडून पडून आखडला. लई रडायची. संक्रांत झाली आन एक दिशी फडात निरोप आला, बीडच्या बाई आल्यात म्हणून. मी म्हणलं, एवढ्या लांब कावून येत्याल? तर खरंच आल्त्या. आमची टोळी कुठं गेली ते मुकादमाला इचारीत इचारीत, तीन कारखाने हिंडल्या. दोन दिस आमच्या कोपीत ऱ्हाल्या. पोत्याची बैठक आणल्ती करून, मागं टायर, बाजूला फळ्या. भुईवर ठिवायची, आन जाताना गुंडाळून डोक्यावर घ्यायची. हिला त्यात बशिवलं तर ही बसली की वो. म्हणल्या, उजवा आता वळायचा न्हाई, डावा शिकवू. आमची सासू म्हणली, डाव्या हातानं जेवत्यात व्हय कुणी? सगळी टोळी जेवाया बसली तवा बाई सोता डाव्या हातानं जेवल्या आमच्याम्होरं. दोन दिस. सासू गप झाली."

हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही, बाई. नंतर दहा-बारा वर्षं होतात तुम्ही, आणि कितीतरी वेळा भेटलो आपण.

दुपारी त्या दोघी आमच्या व्हरांड्यात डबा खायला बसल्या. मी दाराच्या फटीतून बघितलं. आईनं भाकरीचे तुकडे करून कालवणात भिजवून पुढं ठेवले आणि स्वतः दुसरीकडं बघत जेवायला लागली. लेकीचा डावा हात हवेत एक मोठं वळण घेऊन आला, थांबला, आणि घास तोंडात गेला. मग दुसरा. सांडत होतं थोडं. जाणारे-येणारे डाव्या हाताकडं बघत होते, आई त्यांच्याकडं बघतही नव्हती. मी तीस वर्षांच्या जवळ आलेल्या त्या हाताचे घास मोजत उभी राहिले आणि माझ्या मनात आलं की मी खरं घर मोजलं असतं तर ही दोन्ही हातांनी जेवली असती. निदान, लोकांना चालतो त्या उजव्या हातानं जेवली असती.

डबा धुऊन आई परत आत आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमाला भेटायचं लई मनात व्हतं. बाई म्हणल्या व्हत्या, ही बैठक माझ्या पोरीनं केली, तुमचं घर बघून, माप घेऊन. तुमीच ना त्या? तुमचं लई उपकार हायेत." आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं कानशिलाला बोटं मोडली.

मी इतकी वर्षं टोमण्यांवर पोट भरते, मला धारेची पारख आहे. असा मी कुणाला मारलेला नाही. की तो टोमणा नव्हताच, आणि तुम्हाला खरंच वाटलं होतं की मी कधीतरी ती बैठक करीन? हे ठरवायला आता तुम्ही नाही आणि माझ्याकडं त्या आईचे उबदार, घट्टे पडलेले हात होते. खोलीत माझ्या हाताखालच्या दोन शिकाऊ मुली होत्या, माझ्याकडं कौतुकानं बघत. मला एवढंच म्हणायचं होतं की ती मी नव्हे, आणि हिचा उजवा हात गेला तो माझ्यामुळं. दोन वाक्यं. मी आठवड्याला बाराशे शब्द लिहिते.

मी म्हटलं, "असू द्या हो मावशी. आमचं कामच ते."

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. सदरात द्यावं असं एकदा मनात आलं, मग ते किती छान होईल हे डोळ्यांसमोर आलं आणि मी थांबले. या रविवारसाठी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लिहून पाठवलंय, लोकांना आवडेल. दाखला न्यायला त्या मायलेकी येत्या गुरुवारी परत येणार आहेत. तेव्हा सगळं सांगणार आहे, असं मला इथं लिहायचं होतं. बाई, गुरुवारची रजा मी आज सकाळीच टाकून आले.